पिकअप मागून एका बाजूला बसलीय? पाटेवाल्याकडे जाण्याआधीची तयारी

जुनी पिकअप मागून एका अंगाला खाली दिसू लागली की बरेच मालक थेट पाटेवाल्याकडे जातात आणि त्या बाजूच्या चाकावरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये एक पट्टी, म्हणजे पाटा, वाढवून घेतात. गाडी काही दिवस सरळ दिसते, मग परत तेच. पाटा वाढवायला हरकत नाही, पण गाडी कशामुळे बसली हे मोजून ठरवल्याशिवाय वाढवू नये, असं माझं ठाम मत आहे. शॉकअप बदलण्याचंही तसंच. साधा तेलाचा शॉकअप गाडीचं वजन पेलतच नाही, फक्त उसळी थोपवतो. वजन पाटे पेलतात.

आधी हौदा पूर्ण रिकामा करा. ताडपत्री, दोर, जॅक, सीटमागचं सामान, सगळं खाली उतरवा. डिझेलची टाकी एका बाजूला असते आणि ५० लिटर डिझेलचं वजन चाळीस किलोच्या पुढे जातं, म्हणून टाकी किती भरली आहे ते लिहून ठेवा. मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे आणि सारख्याच झिजेचे आहेत का ते बघून हवा थंड टायरात सारखी भरा. एवढ्यावरच झुकाव गेला, तर काम संपलं.

जागा सपाट हवी. गवंड्याकडची पाण्याची नळी मिळाली तर चारही चाकांची पातळी तपासा. नाही मिळाली तर एकदा मापं घ्या, गाडी वळवून त्याच जागी उलट तोंड करून उभी करा आणि परत मोजा. झुकणारी बाजू बदलली तर दोष फरशीचा. मोजण्याआधी गाडी थोडी पुढे-मागे हलवून घ्या, म्हणजे पाटे आपल्या जागी बसतात. हँडब्रेक ओढू नका, पुढच्या चाकांना ठोकळे लावा.

मापं किमान तीन ठिकाणी घ्या. पहिलं चाकाच्या मध्यापासून हौद्याच्या खालच्या कडेपर्यंत, दुसरं अ‍ॅक्सलच्या हाउसिंगपासून (मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या नळीपासून) चासीपर्यंत, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी चौकटीपर्यंत, तिसरं पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत. तिन्ही दोन्ही बाजूंना. पहिल्यात फरक आणि दुसऱ्यात नाही, तर चासी सरळ आहे आणि हौदा त्याच्या पट्ट्यांवर किंवा खालच्या लाकडावर तिरका बसलाय. तिसऱ्यात फरक आला तर सेंटर बोल्ट (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा बोल्ट) तुटून अ‍ॅक्सल सरकलाय का, हे आधी बघा. तसं असेल तर ती गाडी दुरुस्तीआधी रस्त्यावर नेऊच नका. जुन्या गाडीत हौद्याच्या मापात सेंटिमीटरभर फरक मी सोडून देतो, त्यापुढचा नाही.

मागचा झुकाव पुढून आलेला असू शकतो, आणि ही शंका फार कमी जणांना येते. पुढचा एक पाटा किंवा स्प्रिंग बसली, किंवा टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारा लोखंडी गज) असलेल्या गाडीत एका बाजूचा बार सैल पडला, की चासी तिरकी होते आणि मागचा कोपरा खाली गेल्यासारखा दिसतो. पुढच्या क्रॉस मेंबरच्या (चासीच्या आडव्या तुळईच्या) बरोबर मध्यभागी जॅक लावून पुढची चाकं जमिनीवरून जेमतेम सुटतील इतकं उचला. उचलण्याआधी मागची चाकं ठोकळ्यांनी अडवा. मागचं सरळ झालं तर मागच्या पाट्यांना हात लावू नका, दोष पुढे आहे. झुकाव तसाच राहिला तर तो मागचाच. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरू नका. मजबूत घोड्या (लोखंडी टेकू) लावल्याशिवाय डोकंसुद्धा आत घालायचं नाही.

मग पाट्यांकडे या. ब्रश आणि रॉकेलने चिखल साफ करा, कारण पाटा बहुधा सेंटर बोल्टच्या भोकाजवळ, पाटे अ‍ॅक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टच्या आड तुटतो आणि वरून दिसत नाही. मोठ्या पाट्याच्या दोन टोकांच्या गोल डोळ्यांमध्ये दोरी ताणून मधली कमान मोजा. दोन्हीकडचे पाटे मोजून संख्या जुळवा. आधीच्या मालकाने एका बाजूला जास्तीचा घातलेला असू शकतो. शॅकल (पाट्याचं एक टोक चासीला जोडणारे हलते दुवे) दोन्हीकडे सारख्या कोनात उभे आहेत का, पिन जाम आहे का, बुश (डोळ्यातल्या रबरी नळ्या) एका बाजूला खाल्लेत का, हेही बघा. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या अंगाने चालते आणि रस्ता कडेकडे उतरता असतो, त्यामुळे डावीकडच्या पाट्यांवर भार थोडा जास्त येतो. कोकणात मासळी वाहणाऱ्या गाड्यांची चासी मात्र जास्त जपून तपासा. बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं ठिबकून पाट्यांच्या ब्रॅकेटजवळचा पत्रा पोखरला जातो. तिथे हातोडीने हलकं ठोका. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे निघाले तर पाटे बदलून उपयोग नाही, आधी चासीचं काम.

शेवटी वजन घालून बघा. ५० किलोच्या सिमेंटच्या दहा गोण्या अ‍ॅक्सलच्या वर, हौद्याच्या मधोमध रचा आणि दुसरं माप परत घ्या. फरक रिकाम्या गाडीत होता तितकाच राहिला तर एका बाजूची कमान गेलीय. वजनाबरोबर फरक वाढला तर पाटा तुटलाय किंवा त्या बाजूला पाटा कमी आहे. तरी शंका राहिली तर डावा-उजवा सेट अदलाबदल करून घ्या. झुकाव सेटबरोबर दुसरीकडे गेला तर सेट खराब, जागचा हलला नाही तर चासी.

सगळी मापं कागदावर घेऊनच पाटेवाल्याकडे जा. कमान मारून घ्यायची असो वा नवा सेट टाकायचा असो, काम दोन्ही बाजूंचं करायला सांगा. यू-बोल्ट नवेच घ्या. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावरच शेवटचे आवळायला लावा, लटकत्या अवस्थेत आवळले तर रबर पिळून लवकर फाटतं. पहिल्या एक-दोन भरलेल्या फेऱ्यांनंतर यू-बोल्ट परत ताणून घ्या.