इथिओपियात कुणाच्या घरी जेवायचंय? आधी वार बघा

लालिबेला किंवा गोंदरकडे जाणार असाल आणि एखाद्या घरी जेवणाची सोय होत असेल, तर शाकाहारी मंडळींनी बुधवार किंवा शुक्रवार धरावा. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती घरांत या वारी उपास असतो. मांसच काय, दूध, लोणी, अंडीही वर्ज्य. ईस्टरआधीचे ५५ दिवसही तसेच. (ईस्टरनंतरचे ५० दिवस मात्र हे वार पाळत नाहीत, तेव्हा तारखा तपासा.) एरवी डाळीतसुद्धा मसाल्याचं लोणी पडू शकतं, म्हणून ‘त्सोम’चं, म्हणजे उपासाचं जेवण हवं, असं आदल्या दिवशीच सांगून ठेवा. मग आंबूस इंजेरावर, म्हणजे धिरड्यासारख्या मोठ्या पोळीवर, शिरो येतं, जवळजवळ आपलं पिठलंच, फक्त तिखटाला बेर्बेरे हा मिरचीचा मसाला. सोबत मसुराचं झणझणीत वोत, म्हणजे दाट रस्सा. यजमानीण घास भरवू लागली तर मागे सरू नका, तो पाहुण्याचा मान असतो. जेवण उजव्या हातानेच.

वेळ ठरवताना घोळ होतो तो वेगळाच. तिथे दिवसाचे तास सकाळी सहापासून मोजतात, त्यामुळे त्यांचे सात म्हणजे आपला दुपारचा एक. नंतर कॉफीच्या तीन फेऱ्या होतात, पहिलीनंतर उठणं बरं दिसत नाही. पुढचा तासभर मोकळा ठेवा.