या चुका टाळा: क्लायंट हेल्थ कोचला ‘सॉरी’ म्हणू लागतो तेव्हा

रात्रीचे ११.२०. व्हॉट्सॲपवर फोटो येतो: वाटीत श्रीखंड, ताटात अर्धी पुरी. खाली एक ओळ, ‘सॉरी मॅडम, आज घोळ झाला.’ पाठवणारे काका ५४ वर्षांचे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. मी लगेच उत्तर दिलं, ‘काही हरकत नाही काका, उद्यापासून परत सुरू.’ आपण किती तत्पर, म्हणून स्वतःवरच खूश होऊन झोपले.

असं तीन महिने चाललं. रोज पहाटे माझा मेसेज, ‘उठलात का?’ रोज रात्री त्यांच्या ताटाचा फोटो. वजन चार किलो उतरलं. मग मला डेंग्यू झाला आणि दहा दिवस फोन बाजूला पडला. बरी होऊन पाहते तर काकांचं चालणं बंद, फोटोही बंद. विचारलं तर म्हणाले, ‘तुम्ही नव्हता ना!’

चालत होते काका, पण ते चालणं माझं होतं. कोचिंगच्या कोर्समध्ये कोच आणि क्लायंटमधल्या मर्यादांचा धडा शिष्टाचारासारखा उरकतात आणि सवयी कशा बदलतात हा विषय वेगळा शिकवतात. माझा अनुभव असा, की पहिल्यात ढिलाई झाली की दुसरं कोलमडतंच. खालच्या बहुतेक चुका मी स्वतः करून बसले आहे.

रात्री-अपरात्री उत्तर देणं

आपण कधी उपलब्ध असू, हे पहिल्याच भेटीत सांगून टाका. मी आता सांगते: मेसेज केव्हाही टाका, मी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळेत बघेन. ताटाचे फोटो रोज नकोत. आठवड्याच्या कॉलआधी तुम्हीच ते चाळा आणि काय दिसलं ते मला सांगा. शेवटचं वाक्य महत्त्वाचं. फोटो मी तपासले की ती परीक्षा होते. त्यांनी तपासले की त्यांनाच कळतं, बुधवारी उशिरा मीटिंग असते आणि गडबड बुधवारीच होते.

सवय आधीच लागून गेली असेल तर एकदम गप्प बसू नका, माणूस दुखावतो. काकांना मी सरळ म्हटलं, ‘काका, चूक माझी झाली. तुम्हाला उठवायचं काम मी अंगावर घेतलं. ते आता तुमच्याकडे परत द्यायचंय. कसं द्यायचं, ते दोघं मिळून ठरवू.’ आणि हे पहिल्याच दिवशी लेखी द्या: छातीत दुखलं, दरदरून घाम फुटला, बोलताना जीभ अडखळली तर मला मेसेज नाही, १०८ ला फोन.

‘गोळी अर्धी करू का?’

सगळ्यात मोठा खड्डा हाच, म्हणून इथे जरा थांबते.

उपाशीपोटीची साखर १६८ वरून ११० वर आली, की क्लायंट आनंदाने विचारतो, ‘मॅडम, आता गोळी अर्धी करू ना?’ इथे ‘करून बघा’ म्हणायचं नाही, हे बहुतेकांना ठाऊक असतं. गंमत अशी, की गोळीबद्दल चकार शब्द न काढताही आपण गोळीत हात घालू शकतो. समजा, ताई ग्लिमेपिराइड ही साखरेची गोळी घेतात. आपण म्हणालो, ‘रात्रीचं जेवण बंद करू या.’ किंवा त्यांनी संकष्टीचा कडक उपास धरला आणि आपण वाहवा केली. ही गोळी पोटात अन्न आहे की नाही हे बघत बसत नाही, स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेते. साखर ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम येतो, धडधडतं, डोकं चालेनासं होतं. शुद्धीवर असतील तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, १५ मिनिटांनी परत तपासायचं. पण मुळात ती वेळ आपल्या सल्ल्याने आली, हे विसरायचं नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांचंही तसंच.

दुसरं उदाहरण आणखी फसवं. पालेभाजी वाढवा, यात चूक ती काय? पण रक्त पातळ ठेवायला वॉरफेरिन घेणाऱ्याने एकदम रोज पालक-मेथी सुरू केली तर त्यातल्या ‘के’ जीवनसत्त्वाने गोळीचा परिणाम कमी होतो आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, बिघडतो.

उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच आहे. पहिल्या भेटीत औषधांची यादी घ्या, पाकिटांचे फोटोच मागवा. यादीत साखरेची, रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करायची गोळी दिसली, तर आहारात मोठा बदल करण्याआधी क्लायंटच्या हातून डॉक्टरांना चार ओळींची चिठ्ठी द्या: अमुक बदल करायचा विचार आहे, औषधांचं पाहाल का? यादी बघून ‘यात घातक काय’ हे ओळखता येत नसेल, तर प्रत्येकालाच आधी डॉक्टरांकडे पाठवा. डॉक्टर चिडतील असं मला वाटायचं. उलट दोघांनी नंतर माझ्याकडे पेशंट पाठवले.

याच जातीची चूक म्हणजे ‘डायबिटीस रिव्हर्स’चे बोर्ड. वैद्यकात शब्द आहे रेमिशन, आणि २०२१ मध्ये ठरलेली त्याची व्याख्या अशी: साखरेची औषधं थांबवल्यावर किमान तीन महिन्यांनीही एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, ६.५ टक्क्यांच्या खाली. म्हणजे व्याख्येची सुरुवातच औषधं थांबवण्यापासून होते, आणि तो निर्णय आपला नाही.

सल्ल्यांचा मारा

‘चालायला जा.’ ‘गुडघे दुखतात हो.’ ‘मग पोहा.’ ‘तलाव लांब पडतो.’ ‘घरी योगासनं?’ ‘वेळ कुठाय?’ हा खेळ दहा मिनिटं रंगतो आणि शेवटी क्लायंटच जिंकतो. विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दारू सोडवण्याच्या कामातून १९८३ मध्ये प्रेरक संवादाची पद्धत मांडली. पुढे स्टीफन रोलनिकसोबत त्याने ती विस्तारली. तिचं मर्म हेच: दोन मनांत असलेल्या माणसाला एका बाजूने ढकललं की तो दुसऱ्या बाजूची वकिली सुरू करतो, आणि स्वतःच्या तोंडून निघालेलं त्यालाच पटत जातं.

म्हणून मी आता विचारते, ‘दहापैकी किती महत्त्वाचं वाटतं?’ एक काकू म्हणाल्या, ‘चार.’ पूर्वी मी विचारलं असतं, ‘चारच का? आठ का नाही?’ मग त्यांनी अडचणींचा पाढा वाचला असता. त्याऐवजी विचारलं, ‘दोन का नाही म्हणालात?’ काकू थोडं थांबल्या. मग म्हणाल्या, ‘अगं, नातू हात वर करतो नि मला त्याला उचलता येत नाही.’ पुढची वीस मिनिटं त्याच बोलल्या. मी फक्त लिहून घेतलं.

२१ दिवसांचं पॅकेज

हा आकडा एका प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून निघाला. त्याचं म्हणणं होतं, बदललेला चेहरा अंगवळणी पडायला कमीत कमी २१ दिवस लागतात. ‘कमीत कमी’ वाटेत गळलं आणि आकडा उरला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सवय मुरायला सरासरी ६६ दिवस लागल्याचं दिसलं, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. हे मी काकांना आधी सांगितलं असतं, तर श्रीखंडापायी ‘सॉरी’ यायचं कारण नव्हतं.

ध्येय ठरवताना वेळेपेक्षा आधीची कृती पकडा. ‘रोज चालेन’ हे हवेत राहतं. ‘जेवण झालं, ताट बेसिनमध्ये ठेवलं, की चप्पल घालून सोसायटीला दोन फेऱ्या’ हे जमतं.

क्लायंट काका, काम काकूंना

ही खास आपल्या घरांतली चूक. काकांसाठी ज्वारीची भाकरी, कमी तेलाची भाजी, संध्याकाळी मोड आलेली मटकी असा तक्ता आपण बनवतो. काका मान डोलावतात. भाकऱ्या थापायच्या कुणी? दोन आठवड्यांनी ‘घरी जमत नाही’ असं येतं, आणि आपण काकांच्या इच्छाशक्तीवर भाषण देतो. आता मी विचारते, ‘यातलं तुम्ही स्वतः काय कराल?’ मटकी भिजवणं आणि उसळ फोडणीला टाकणं बहुतेक काकांना जमतं, शिकवावं लागतं इतकंच.

उलटही होतं. काकू हळूच फोन करतात, ‘काल भजी खाऊन आले बरं का, तुम्ही बोला त्यांना, माझं नाव सांगू नका.’ हे ऐकून घेतलं की आपण हेर झालो. मी म्हणते, ‘काकू, त्यांचं मी तुमच्याशी बोलत नाही, तसं त्यांच्यामागे काही ऐकतही नाही. पुढच्या कॉलला दोघंही बसा.’ कंपनीच्या एचआरने कुणाचं किती वजन उतरलं ते विचारलं तरी उत्तर हेच. लेखी संमतीशिवाय आकडा बाहेर जाणार नाही, हे करारातच टाका.

पावडरचे डबे

वजन उतरवायच्या पावडरी स्वतः विकत असाल तर कोच म्हणवून घेऊ नका. तुमचा सल्ला कुठे संपतो आणि मार्जिन कुठे सुरू होतं, हे क्लायंटला कळायला मार्ग नसतो.

रडू आलं तर

ऐकून घ्या, पण उपचार करायला बसू नका. खाऊन मुद्दाम ओकणं, आधीच बारीक असूनही वजन उतरवायचा ध्यास, आठवडेच्या आठवडे झोप नसणं, हे दिसलं की तक्ता बाजूला ठेवायचा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं. जगण्यात अर्थ नाही असं कुणी बोललं तर थेट विचारा, ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीतही बोलता येतं. फोन तिथल्या तिथे, आपल्यासमोर लावून द्या, आणि घरचं कुणीतरी सोबत येईपर्यंत माणसाला एकटं सोडू नका.

आणि भेटवस्तू

परदेशी नियमावल्यांत काहीच घेऊ नका असा सूर असतो. आपल्याकडे दिवाळीत फराळाचा डबा नाकारला तर नातंच तुटतं. मी फराळ घेते. साडी, पाकीट, चांदीचं नाणं घेत नाही. काकूंनी मागच्या दिवाळीला चकल्या पाठवल्या. डबा रिकामा परत करायचा नाही म्हणून माझी आई त्यात साखर घालायची. मधुमेहवाल्या घरचा डबा हातात घेऊन मी ओट्याशी जरा वेळ उभी राहिले आणि चार लिंबं टाकून दिला.