स्वस्तात घरी सुगंधी मेणबत्ती: कुठे वाचवायचं आणि कुठे नाही

घरी सुगंधी मेणबत्ती करताना पैसे वाचवायच्या जागा ठरलेल्या आहेत. ग्लासावर वाचवा, मेणावर थोडं वाचवा, वातीवर आणि सुगंधावर अजिबात नाही. मी पहिल्यांदा नेमकं उलटं केलं, चांगला महागाचा ग्लास आणला आणि वास यावा म्हणून स्वयंपाकघरातला रोझ इसेन्स घातला. तो इसेन्स मेणात मिसळलाच नाही, तळाशी साबुदाण्यासारखे थेंब जमले आणि पेटवल्यावर वात तडतडायला लागली. पाणी मिसळलेलं काहीही मेणात चालत नाही, म्हणजे गुलाबजल नाही, खायचा इसेन्सही नाही. परफ्यूम तर नकोच, त्यात अल्कोहोल असतं, ते गरम मेणात घालणं धोक्याचं. मेणबत्तीसाठी म्हणून जे फ्रॅग्रन्स ऑइल मिळतं तेच आणा, पुण्यात असाल तर रविवार पेठेत बोहरी आळीत चक्कर मारा, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास विचारा, नाहीतर ऑनलाइन आहेच. छोटी बाटली घ्या, पहिल्याच वेळी पाच वास घेऊन बसू नका.

मेणाचं सांगते. सोय वॅक्स म्हणजे सोयाबीनच्या तेलाचं मेण, ते सावकाश जळतं पण महाग, पॅराफिन म्हणजे साध्या मेणबत्तीतलं मेण, ते स्वस्त. मी दोन्ही निम्मं निम्मं घेते, खर्च आटोक्यात राहतो आणि वासही खोलीभर पसरतो. दिवाळीतले, लाइट गेल्यावर वापरलेले उरलेसुरले तुकडे असतील तर तेही वितळवा आणि जुन्या सुती फडक्यातून गाळून घ्या, फक्त लाल हिरवे सगळे एकत्र केले की चिखलासारखा रंग येतो, म्हणून पांढरे वेगळे ठेवा.

ग्लास म्हणजे जॅमची जाड काचेची बाटली उत्तम. पाणी प्यायचा पातळ ग्लास नको, तडकतो. स्टीलची वाटीही चालते पण ती खूप तापते, खाली बशी हवीच. झिलई नसलेल्या मातीच्या कुल्हडात मेण झिरपतं, ते टाळा.

वात विकतच घ्यायची, कॉटनची, खाली पत्र्याची चकती असलेली. समईची कापसाची वात मऊ असते, मेणात उभीच राहत नाही. आणि ग्लासाच्या रुंदीप्रमाणे वात घ्या कारण बारीक वात रुंद ग्लासात मध्येच खड्डा करून स्वतःच्याच मेणात बुडते, फार जाड घेतली तर काजळी धरते.

आता माप. बाटलीत जेवढं भरायचं तेवढं पाणी ओतून वजन करा. २०० ग्रॅम पाणी मावलं तर मेण साधारण १७० ते १८० ग्रॅम लागेल. सुगंध १०० ग्रॅम मेणाला ६ ग्रॅम, म्हणजे या बाटलीला १० ग्रॅमच्या आसपास. जास्त घातलं म्हणजे जास्त वास येईल असं नाही हं, उलट तेल वर सुटतं.

पातेल्यात पाणी उकळत ठेवा, त्यात दुसरं भांडं ठेवून मेण वितळवा. मेणाचं भांडं थेट गॅसवर कधीच ठेवायचं नाही आणि मध्येच सोडून जायचं नाही. चुकून पेटलंच तर गॅस बंद करून झाकण टाका, पाणी अजिबात ओतू नका, भडका उडतो. घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावरच करा.

तोवर वातीची चकती बाटलीच्या तळाला थेंबभर मेणाने चिकटवा आणि वरचं टोक कपड्याच्या दोन चिमट्यांमध्ये धरून मधोमध ठेवा. मेण पूर्ण वितळून ७५-८० डिग्रीला आलं की गॅस बंद, सुगंध घाला आणि दोन मिनिटं हळूहळू ढवळा, घाई केली की बुडबुडे येतात. मग थांबा. भांड्याच्या कडेकडे बघत राहा, पातळ पांढुरकी साय धरायला लागली की ओतायची वेळ झाली. बाटली आधी कोमट करून घ्या आणि थोडं मेण मागे ठेवा, कारण थंड होताना वातीपाशी हमखास खळगा पडतो. तो काडीने जरा टोचून मोकळा करायचा आणि उरलेलं मेण पुन्हा गरम करून वरून भरायचं. भांडं सिंकमध्ये धुऊ नका, पाइप तुंबतो, मेण गरम असतानाच कागदाने पुसून घ्या.

लगेच पेटवायचा मोह होतो, पण किमान आठवडाभर झाकून ठेवा, नुसतं सोय वॅक्स असेल तर दोन आठवडे, वास मेणात नीट मुरतो. वात ५ मिलिमीटर ठेवून कापा. पहिल्यांदा पेटवाल तेव्हा वितळलेलं मेण काचेच्या कडेपर्यंत पोचेपर्यंत विझवू नका, दोन-तीन तास लागतात. नाहीतर पुढे दर वेळी तेवढ्याच गोलात जळत राहते आणि कडेचं मेण वाया जातं. वाळलेल्या पाकळ्या, दालचिनी वगैरे वर खोचलेलं दिसायला छान दिसतं पण ते पेट घेतं, म्हणून नको.

तळाला सेंटीमीटरभर मेण उरलं की जाळणं बंद करा. थंड झाल्यावर बाटली काही तास फ्रीजरमध्ये ठेवली की उरलेली वडी आकसून सुटते, ती पुढच्या वितळवणीला ठेवा, आणि बाटलीचा गारवा पूर्ण गेल्यावर पुसून पुन्हा वापरायला घ्या.