स्लॅबचं ऊन आधी अडवा, कूलर नंतर लावा

मी घरी शाळेचे गणवेश शिवते. अक्कलकोट रोडला आमचं घर, मशीन वरच्या मजल्यावर आणि स्लॅब थेट डोक्यावर. मे महिन्यात सोलापुरात पारा ४२-४३ च्या पुढे जातो, तेव्हा त्या खोलीत बसवत नसे. पंखा पाचवर ठेवला तरी घामाने कापडाला डाग पडायचे. एकदा रात्री नऊ वाजता पलंगावर चढून स्लॅबला हात लावून बघितला, तर चहाच्या भरल्या कपासारखा गरम. ऊन उतरून तीन तास झाले होते आणि पंखा वरची तीच धग खाली ढकलत होता. तेव्हापासून माझा क्रम ठरला: आधी ऊन अडवायचं, मग मशीन लावायचं.

पहिलं काम चुन्याचं: स्लॅब वरून पांढरा केला की बरंचसं ऊन परत फिरतं. होळी झाली की पाडव्याच्या आत उरकायचं. आदल्या रात्री प्लास्टिकच्या पिंपात आधी पाणी घ्या आणि त्यात चुना थोडा थोडा सोडा. कळीचा चुना पाण्यात पडला की अक्षरशः उकळतो, म्हणून लेकरं लांब ठेवा, हातमोजे आणि चष्मा घाला. डोळ्यात थेंब गेला तर इजा होते, यात हयगय नको. सकाळी जुन्या फडक्यातून गाळून घ्या, थोडा फेविकॉल घाला आणि ताकाइतकं पातळ करा. स्लॅब खराट्याने झाडून त्यावर पाणी मारा. कोरड्या स्लॅबवर चुना धरत नाही, आठ दिवसांत पापुद्रे सुटतात. माझं पहिल्या वर्षी तेच झालं, सगळी मेहनत वाऱ्यावर उडाली. ऊन कलल्यावर एक हात उभा आणि तो वाळल्यावर दुसरा हात आडवा मारा. पावसात तो धुऊन जातो, दरवर्षी करावं लागतं. पण खर्च बघता याच्याइतकं गुणाचं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

दुसरं, पश्चिमेची खिडकी. पडदा आतून लावला तर ऊन काचेतून आत आलेलंच असतं. म्हणून मी जुनी, विटलेली सोलापुरी चादर खिडकीच्या बाहेर तारेवर टाकते. खिडक्या सकाळी नऊच्या आत बंद आणि रात्री जेवणं झाली की सताड उघड्या. मच्छरांसाठी जाळी हवीच. इस्त्रीही मी सकाळी आठच्या आत उरकते. हजार वॅटची इस्त्री तासभर चालली की एक युनिट जातं आणि ती सगळी उष्णता आपल्याच खोलीत राहते.

आता कूलर. आपली हवा कोरडी, म्हणून इथे कूलर खरा चालतो: ओल्या ताट्यांतून जाताना हवेतली उष्णता पाणी सुकवण्यात खर्च होते. पण लोक तो बंद खोलीत मधोमध ठेवतात आणि तासाभरात अंग चिकट झालं म्हणून कुरकुरतात. कूलरची पाठ खिडकीत, बाहेरच्या हवेकडे हवी आणि समोरची खिडकी वीतभर उघडी, म्हणजे दमट हवा निघून जाते. घरगुती कूलर दीडशे-दोनशे वॅट घेतो, दीड टनाचा एसी दीड हजाराच्या आसपास. आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही, त्यामुळे कूलरमध्ये बोअरचं पाणी जातं आणि ताट्यांवर पांढरा थर चढतो. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करा, डेंग्यूचे डासही साचलेल्या पाण्यातच होतात. जूनमध्ये पाऊस लागला की कूलर बंद, मग पंखाच बरा.

पंख्याचं गणित सांगते. साधा पंखा साधारण ७५ वॅट, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० च्या आसपास. रोज १४ तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला १९ युनिटं वाचतात. महावितरणचा दर १०० युनिटांनंतर चढतो, ३०० नंतर आणखी चढतो, त्यामुळे वाचलेली युनिटं महागातली असतात. सगळे पंखे एकदम बदलायची गरज नाही, जो सर्वांत जास्त फिरतो तो आधी बदला.

सासूबाईंच्या खोलीत एसी आहे, त्यांना दम्याचा त्रास, तिथे मी काटकसर करत नाही. फक्त २६ वर ठेवून पंखा एकवर सोडते आणि पंधरा दिवसांनी जाळी धुते. तापमान एक अंश वर ठेवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते, आणि त्यांना १८ चा गारठा सोसतही नाही.

थंडीत आपल्याकडे हीटर लागत नाही, चादर पुरते. वीज जाते ती गिझरला. वीस लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला जेमतेम अर्धं युनिट लागतं, पण बटण तसंच चालू राहिलं की टाकी निवते आणि पुन्हा पुन्हा तापते. आमच्याकडे एकाचं झालं की लगेच दुसरा, अशा ओळीने अंघोळी होतात आणि शेवटचा आत शिरतानाच बटण बंद करतो.