अमेरिकेतला पहिला पगार: कापलेला कर आणि खरा कर

भारतात नोकरी करून आलेल्यांना पगारातून कर कापला जाणं नवीन नसतं, आणि गफलत नेमकी त्यामुळेच होते. तिकडे कंपनी वर्षभराच्या कराचा अंदाज बांधते, गुंतवणुकीचे पुरावे मागते आणि टीडीएस कमी पडला असेल तर मार्चच्या पगारातून वसूल करते. अमेरिकेत कंपनी सहसा असा मेळ घालून देत नाही. इथलं पेरोल प्रत्येक पगाराकडे सुटं बघतं. एवढाच पगार वर्षभर मिळणार असं धरून कर काढतं, त्यातला या खेपेचा वाटा कापतं आणि सरकारकडे पाठवून देतं. जानेवारी ते डिसेंबरचा हिशेब पुढच्या १५ एप्रिलपर्यंत फॉर्म १०४० (वार्षिक कर विवरणपत्र) भरून तुम्हीच जुळवायचा असतो.

म्हणजे पे-स्टबवरचा (पगाराच्या पावतीवरचा) 'फेडरल विथहोल्डिंग'चा आकडा हा करापोटी आगाऊ जमा केलेली रक्कम आहे. खरा कर १०४० वर ठरतो. जास्त जमा झाली तर रिफंड, कमी पडली तर वर पैसे. १९४३ मध्ये, युद्धाच्या काळात, ही पद्धत आली. त्याआधी लोक मागच्या वर्षाचा कर पुढच्या वर्षी हप्त्यांनी स्वतः भरत. आता हातात येणारा पगार सगळ्यांना पाठ असतो, पण वर्षाचा एकूण कर फार थोड्यांना सांगता येतो. एप्रिलमध्ये रिफंड आला की वर्ष चांगलं गेलं असं वाटतं, वास्तविक ते तुमचेच पैसे उशिरा परत आलेले असतात.

पहिल्या वर्षी तर हमखास फसगत होते. समजा सप्टेंबरात महिना ८,००० डॉलरवर रुजू झालात. पेरोल वर्षाचे ९६,००० धरून कापतं, प्रत्यक्षात डिसेंबरअखेर तुमची कमाई ३२,००० असते. त्यामुळे बहुतेकांना बरा रिफंड मिळतो. दुसऱ्या वर्षी पगार तोच असूनही रिफंड आटतो आणि 'कर वाढला' अशी तक्रार सुरू होते. पहिल्या रिफंडच्या भरवशावर दुसऱ्या वर्षीचे बेत आखू नका.

कापणी किती व्हावी हे डब्ल्यू-४ या फॉर्मवर ठरतं. रुजू होताना घाईत भरून देतात तोच हा कागद. सर्वांत महागात पडणारी चूक नवराबायको दोघंही नोकरी करतात तिथे होते. दोघंही 'मॅरिड फायलिंग जॉइंटली'वर (दोघांचं मिळून एकच विवरणपत्र) खूण करतात आणि दुसरी पायरी, म्हणजे घरात एकाहून जास्त नोकऱ्या असतील तर भरायचा भाग, कोरी सोडतात. मग दोन्ही कंपन्या पूर्ण स्टँडर्ड डिडक्शन आणि खालचे स्लॅब आपापल्या परीने देऊन टाकतात. २०२४ च्या दरांनी, प्रत्येकी ९०,००० पगार असेल तर प्रत्येकाचे सुमारे ६,८३० डॉलर कापले जातात, दोघांचे मिळून १३,६६०. खरा कर मात्र सुमारे २३,२८० होतो. एप्रिलमध्ये साडेनऊ हजारांहून जास्त एकदम भरायची वेळ येते. दोघांनीही दुसऱ्या पायरीतल्या चौकटीत खूण केली की पगार सारखे असताना हा फरक जवळपास शून्यावर येतो. पगारांत मोठी तफावत असेल तर त्या खुणेने जरुरीपेक्षा जास्त कापलं जातं. तेव्हा आयआरएसच्या (अमेरिकेच्या कर खात्याच्या) संकेतस्थळावरचा विथहोल्डिंग एस्टिमेटर वापरा. दोघांचे ताजे पे-स्टब समोर घेऊन बसा, अंदाजे आकडे टाकू नका.

बोनस वेगळा दिला तर त्यावर बहुधा सरसकट २२ टक्के कापले जातात, आरएसयूवरही (कंपनीकडून मोबदला म्हणून मिळणाऱ्या शेअरवरही) तसंच. तुमचा वरचा स्लॅब ३२ टक्क्यांचा असेल तर प्रत्येक हजारामागे शंभर डॉलर कमी जमा होतात. भारतातल्या एफडीच्या व्याजावर इथली कंपनी काहीच कापत नाही, पण करासाठी रेसिडेंट झालात की ते इथेही दाखवावं लागतं. अशा दोन्ही प्रकारांवर सोपा उपाय म्हणजे डब्ल्यू-४ च्या ४(सी) रकान्यात दर पगारामागे कापायची जादा रक्कम लिहिणं. पगार दर दोन आठवड्यांनी असेल तर वर्षाची तूट २६ ने भागा, महिन्यातून दोनदा असेल तर २४ ने.

तूट १,००० डॉलरपेक्षा कमी असेल तर वर्षभरात कर कमी जमा केल्याचा दंड लागत नाही. या वर्षाच्या कराच्या ९० टक्के किंवा गेल्या पूर्ण वर्षाच्या कराइतकी रक्कम जमा असली तरी चालतं. गेल्या वर्षीचं उत्पन्न दीड लाख डॉलरवर असेल तर त्या वर्षाच्या कराच्या ११० टक्के लागतात. एक सवलत आवर्जून लक्षात ठेवा: पगारातून कापलेली रक्कम वर्षभर समान भरली असं धरलं जातं. ऑक्टोबरात तूट लक्षात आली तर नवा डब्ल्यू-४ देऊन उरलेल्या पगारांतून जास्त कापून घ्या, आधीच्या तिमाहींचा दंडही टळतो. स्वतः चेकने भरलेल्या हप्त्याला ही सवलत आपोआप मिळत नाही. नवा फॉर्म लागू करायला कंपनीला महिनाभर लागू शकतो, म्हणून डिसेंबरपर्यंत थांबू नका.

पगारातून वेगळे कापले जाणारे सोशल सिक्युरिटीचे (सरकारी निवृत्तिवेतन) ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) १.४५ टक्के मात्र सहसा परत येत नाहीत. दोन अपवाद आहेत. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना, ओपीटी (त्याच व्हिसावर शिक्षणाशी निगडित नोकरीची मुभा) धरून, साधारण पहिली पाच कॅलेंडर वर्षं हे दोन्ही लागू नसतात. तरीही कापले गेले तर आधी पेरोलकडे लेखी परत मागा. नकार आला तर आयआरएसकडे परताव्यासाठी फॉर्म ८४३ भरा, सोबत फॉर्म ८३१६ जोडा. दुसरा अपवाद वर्षाच्या मध्यात नोकरी बदलणाऱ्यांचा. सोशल सिक्युरिटीला वार्षिक मर्यादा असते, २०२५ साठी १,७६,१०० डॉलर पगार, पण नवी कंपनी मोजणी शून्यापासून सुरू करते. दोन्ही कंपन्यांच्या डब्ल्यू-२ (वर्षभराचा पगार आणि कापलेला कर दाखवणारं पत्रक) वरच्या चौथ्या रकान्यातल्या रकमा जोडून पाहा. जादा गेलेले पैसे १०४० वरच परत मिळतात.