पोस्टमनमध्ये वेब सर्व्हिस तपासताना मराठी डेटा घ्याच

पोस्टमन म्हणजे वेब सर्व्हिसला (नेटवरून प्रोग्रॅमनी वापरायच्या सेवेला) विनंत्या पाठवून तिची उत्तरं तपासायचं अॅप. समजा, कोल्हापूरच्या मार्केट यार्डातले गुळाचे सौदे नोंदवणारी वेब सर्व्हिस तपासायची आहे. नमुना नोंदी इंग्रजीत भरल्या तर सगळं हिरवं दिसतं; अडत्यानं पहिली मराठी नोंद केली की घोटाळे बाहेर येतात.

नवी रिक्वेस्ट (विनंती) उघडा, मेथड पोस्ट (नवी नोंद पाठवायची) ठेवा, सर्व्हिसचा पत्ता टाका. बॉडीमध्ये 'रॉ' निवडून शेजारच्या यादीत 'टेक्स्ट'च्या जागी 'जेसन' (डेटा लिहायचा ठराविक साचा) करा. हे राहिलं तर कंटेंट-टाइप (मजकूर कोणत्या प्रकारचा ते सांगणारी खूण) चुकीचा जातो आणि सर्व्हर बहुधा 415 (हा प्रकार चालत नाही) देतो. कोड उसवण्याआधी एवढं बघा.

नमुना असा: माल गूळ, गाव कोल्हापूर, रवे (गुळाच्या ढेपा) 10, प्रत्येकी 30 किलो, दर क्विंटलला 4000. रक्कम 12000 यायला हवी. 1200000 आली तर किलोचे क्विंटल करायचे राहिलेत. स्टेटस मात्र दोन्ही वेळा 201च (नोंद तयार झाली) दिसेल, म्हणून उत्तरानंतरच्या स्क्रिप्टमध्ये स्टेटसबरोबर रक्कमही पडताळा.

आता तीच नोंद गेट मेथडनं परत मागवा. 'गूळ'च्या जागी प्रश्नचिन्हं आली तर मूळ अक्षरं गेलीच. बहुतेकदा डेटाबेसच्या रकान्याचं किंवा जोडणीचं एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) यूटीएफ-8, म्हणजे मराठीसह सगळ्या लिप्या सामावणारं, नसतं. विचित्र परदेशी अक्षरं आली तर बाइट बहुधा शाबूत असतात, वाचणारा चुकतोय. नाव अर्धवट कापलं गेलं किंवा नोंदच नाकारली गेली तर रकान्याची लांबी बाइटमध्ये मोजली आहे का ते पाहा: 'कोल्हापूर' यूटीएफ-8 मध्ये 27 बाइट घेतं, 20 च्या रकान्यात ते मावणार नाही.

अंकांची चाचणी सहसा कुणी करत नाही, ती जरूर करा. जेसनमध्ये अवतरणाशिवाय ३० लिहिलं तर ते जेसनच अवैध. इथं 400 (विनंतीच चुकीची) आलं पाहिजे, 500 (सर्व्हरच कोलमडला) नव्हे. अवतरणात "३०" पाठवलं तर निकाल सर्व्हिसच्या प्रोग्रॅमिंग भाषेवर ठरतो. जावा आणि पायथनची नेहमीची पूर्णांक-रूपांतरं देवनागरी अंक ओळखतात, जावास्क्रिप्टचं 'नंबर' ओळखत नाही. काय स्वीकारायचं ते आधी ठरवा आणि तशी टेस्ट लिहा.

बऱ्याच नोंदी एकदम चालवायला पोस्टमनच्या कलेक्शन रनरला (विनंत्या ओळीनं चालवणाऱ्या सोयीला) सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) द्या. एक्सेलमधून ती साठवताना यूटीएफ-8 चा पर्याय निवडा, नाहीतर मराठी तिथंच बिघडते आणि दोष सर्व्हिसला लागतो.

पोस्टमनमध्ये चालतंय पण ब्राउझरमध्ये अडतंय, असं झालं तर सर्व्हरची कॉर्स मांडणी (दुसऱ्या साइटवरच्या पानाला उत्तर वाचू द्यायचं की नाही याचे नियम) तपासा. हे बंधन ब्राउझर पाळतो, पोस्टमनचं डेस्कटॉप अॅप पाळत नाही.