क्वेकरांची सुरुवातीची वादपत्रके कशी वाचावीत

वेदोक्त प्रकरण ज्याने एकाच बाजूच्या लेखनातून वाचले त्याला ते अर्धेच कळले, हे कोल्हापूरच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. मंत्र कोणते म्हणायचे या वादाच्या मुळाशी अधिकार कोणाचा हा प्रश्न होता. सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये स्वतःला ‘मित्र’ म्हणवणारे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक आणि त्यांचे विरोधक यांच्यात जो छापील वाद रंगला, त्याच्या मुळाशीही असाच एक प्रश्न होता: धर्माविषयी बोलण्याचा अधिकार विद्यापीठात शिकलेल्या पाद्र्याचा, की ज्याच्या अंतःकरणात देव बोलतो अशा कोणाचाही? म्हणून पत्रक कधी एकटे वाचू नये. त्याचे उत्तर शोधून दोन्ही शेजारी ठेवावीत.

सुरुवातीला क्वेकरांचा विरोधक जॉन बन्यन आणि क्वेकर लेखक एडवर्ड बरो ही जोडी घ्यावी. १६५६ मध्ये बन्यनने आपले पहिलेच पुस्तक क्वेकरांच्या विरोधात छापले, बरोने त्याच वर्षी उत्तर दिले, आणि १६५७ मध्ये दोघांनी पुन्हा एकेक पुस्तक काढले. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून डावीकडे पूर्वपक्ष आणि उजवीकडे त्याचे उत्तर उतरवत जावे. ‘प्रकाश’ हा शब्द आला की थांबावे. योहानाच्या शुभवर्तमानातील प्रत्येक मनुष्याला उजळणाऱ्या प्रकाशाचे वचन दोघांनाही मान्य आहे. परंतु बन्यनच्या मते माणसाच्या ठायी जन्मतः असते ती सदसद्विवेकाची जाणीव पाप दाखवते, तारत नाही, तर बरोच्या मते तो साक्षात ख्रिस्ताचा प्रकाश आहे आणि त्याच्या आज्ञेत राहणारा तरतो. येथे मराठीत ‘विवेकबुद्धी’ लिहिले तर निकाल बन्यनच्या बाजूने लागतो, आणि ‘आत्मज्योत’ लिहिले तर क्वेकरांच्या तोंडी वेदान्त घातला जातो, कारण हा प्रकाश माणसाचा स्वतःचा नव्हे, असे त्यांचे आग्रहाचे म्हणणे होते. दोन्ही रकान्यांत ‘प्रकाश’ हाच शब्द ठेवावा आणि त्याखाली ज्याचा त्याचा अर्थ लिहावा.

क्वेकर पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स याने १६५९ मध्ये शंभरावर विरोधी लेखनांना एकाच जाड ग्रंथात उत्तरे दिली. त्यात विरोधकाचे वाक्य आणि त्याखाली उत्तर अशी मांडणी असल्याने तो सोयीचा वाटतो. पण फॉक्सने उद्धृत केलेले वाक्य मूळ पुस्तकात तसेच आहे का, हे ताडून पाहिल्याशिवाय ते वहीत उतरवू नये.

तारखांची काळजी सर्वांत अधिक घ्यावी. त्या काळी इंग्लंडमध्ये नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई, आणि महिन्यांची नावे मूर्तिपूजकांची म्हणून क्वेकर ती टाळून नुसते क्रमांक लिहीत. त्यांचा पहिला महिना मार्च. ‘अकरावा महिना, १६५६’ म्हणजे आपल्या हिशेबाने जानेवारी १६५७. जेम्स नेलर हा क्वेकर उपदेशक ऑक्टोबर १६५६ मध्ये येशूच्या येरुशलेम-प्रवेशाची आठवण देत ब्रिस्टल शहरात शिरला, आणि डिसेंबरात पार्लमेंटने त्याला ईश्वरनिंदेबद्दल कपाळावर डाग देण्याची आणि जीभ छेदण्याची शिक्षा सुनावली. ‘अकरावा महिना, १६५६’ अशी तारीख असलेले पत्रक नोव्हेंबरचे समजणारा वाचक ते या शिक्षेच्या आधीचे धरून बसेल, आणि लेखक कशाने हादरला आहे हेच त्याच्या ध्यानात येणार नाही.

छापील प्रतीत लांब ‘एस’ हे अक्षर ‘एफ’सारखे दिसते, दोन पानांत डोळ्यांना सवय होते. पानाच्या तळाशी उजवीकडे सुटा छापलेला शब्द पुढच्या पानाचा पहिला शब्द असतो. तो जुळला नाही तर बहुधा मधले पान गळाले आहे असे समजावे.

भाषांतर करताना क्वेकरांचे ‘तू’ मात्र जसेच्या तसे राहू द्यावे. ते न्यायाधीशालाही ‘तू’ म्हणत आणि त्याच्यासमोर टोपी काढत नसत. हा उर्मटपणा नव्हता, तर जो मान देवाचा तो माणसाला द्यायचा नाही, ही त्यांची श्रद्धा होती, आणि तिच्यासाठी त्यांनी तुरुंगवास सोसला. अंबाबाईला आपण ‘तू’च म्हणतो आणि कचेरीतल्या साहेबांना ‘आपण’. त्यामुळे मराठी वाचकाला हे ‘तू’ कानाला खटकेल. ते खटकू द्यावे, कारण त्या न्यायाधीशालाही ते असेच खटकले होते.